दुसऱ्या घरचं विरजण

बाबांच्या तळघरातला रस अजून उठला नाही, ही बातमी रोझविताला पाववाल्याच्या गाडीपाशी कळली. पुरात लायनाऊ गावची बेकरी वाहून गेली ती गेलीच. तेव्हापासून सकाळी गाडी यायची, आणि तिच्याभोवती जी रांग लागायची तिच्यात पावापेक्षा बातम्याच गरमागरम मिळायच्या. ब्रोइखरांची पिंपं अजून गप्प आहेत म्हणे, असं पुढची बाई मागचीला सांगत होती, आणि तेवढ्यात रोझवितावर नजर जाताच तिने जीभ चावली. रोझविताने ऐकलंच नाही असं दाखवलं, पाव काखेत मारला आणि घरचा चढ चढायला लागली.

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोला? जिरली एकदाची, असं तिच्या मनात आलं आणि पहिल्या वळणापर्यंत ते टिकलं. दुसऱ्या वळणावर ती थबकली. रस न उठणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? काळी बुर्गुंडर द्राक्षं चेचून पिंपात टाकली की दोन-तीन दिवसांत ती आपली आपण उकळायला लागतात, साली वर येतात, पिंप गुरगुरतं. नाही गुरगुरलं आणि तसंच पडून राहिलं, की आधी चिलटं येतात, मग वास येतो, आणि मग वर्षभराच्या घामाचं व्हिनेगर होतं.

आणि हे वर्ष काही साधंसुधं नव्हतं. आर नदी म्हणजे एरवी गुडघाभर पाणी, पोरं बूट हातात धरून तिच्यातून फिरतात. पुराच्या त्या जुलैत ती ब्रोइखरांच्या माडीच्या खिडक्यांपर्यंत चढली. बाबा, म्हणजे लांबेर्ट ब्रोइखर, ऐंशी ओलांडलेला माणूस, उजाडेपर्यंत धुराड्याला मिठी मारून छपरावर बसले होते. शेजारी मुलगा एगॉन आणि सून मेश्टिल्ड. काठावरच्या वेली मुळासकट गेल्या. तळघरात छताला लागेपर्यंत चिखल आणि वर हीटरचं तेल. त्यानंतर दोन वर्षं तिघांनी पत्र्याच्या डब्यासारख्या तात्पुरत्या घरात काढली. आता घर उभं राहिलं होतं, तळघर धुऊन-घासून चुना मारून लख्ख केलं होतं, आणि उतारावर वाचलेल्या वेलींची द्राक्षं पुरानंतर पहिल्यांदा स्वतःच्या तळघरात उतरली होती. येत्या रविवारी सुगीचा सण. त्या दिवशी सगळं गाव ब्रोइखरांच्या अंगणात जेवायला येणार होतं, पाद्रीबाबा तळघराला आशीर्वाद देणार होते. लायनाऊत पुन्हा उघडणारं हे पहिलं तळघर. लोकांना त्या गुरगुरीची आस लागली होती, जशी आजाऱ्याच्या घरी भुकेच्या पहिल्या शब्दाची लागते.

ते तळघर रोझविताचंही होतं. म्हणजे, असायला हवं होतं. पण बाबांचा एक नियम होता: रस उठायच्या दिवसांत बाईने तळघराचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला की वाइन नासते. बाकीच्या घरांतून ही खुळं पणज्यांबरोबरच पुरली गेली, पण लांबेर्ट ब्रोइखर म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. लहानपणी रोझविता अंगणात पालथी पडून तळघराच्या जाळीला कान लावायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, कोपऱ्यातल्या पिंपातल्या साली आता खाली दाबायला हव्यात. बाबा ऐकायचे, हसायचे, आणि एगॉनला खाली पाठवायचे. वाटण्या झाल्या तेव्हा तिने तळघर मागितलं. तिला वेलींचा एक पट्टा मिळाला आणि वर टोमणा, की बाईने पिकवावं, उकळवायच्या भानगडीत पडू नये. तिने पट्टा विकला, गेरेऑनशी लग्न केलं आणि वरच्या डोंगरात पाटीचा दगड फोडून केलेलं एक पडीक तळघर घेतलं. इतक्या उंचावर द्राक्षं चढवणारी ही एकच शहाणी, म्हणून गाव पोट धरून हसलं. पुराचं पाणी तिच्या दाराच्या कितीतरी खाली थांबलं, तेव्हापासून हसणं बंद आहे.

दुपारी मेश्टिल्डवहिनी आली. हातात प्लमचा केक, वर स्वच्छ फडकं. वहिनी तशी महिन्याच्या महिन्याला यायची, रोझविताच्या वाइनचं खोकं घेऊन जायची, पैसे टेबलावर ठेवायची आणि फार बोलायची नाही. एगॉन चोरून पितो, दुसरं कोण, असं रोझविता समजून होती. आज वहिनीने खोक्याचं नाव काढलं नाही. टेबलक्लॉथ मिळाले का, पाद्रीबाबांचा गुडघा कसा आहे, रविवारी पाऊस येईल का, सगळं झालं. रोझविताने केकचा दुसरा तुकडा संपवला आणि मग तिला राहवेना.

"वहिनी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?"

वहिनीचे डोळे भरून आले. मग तिने सगळं सांगितलं. आठवडा होत आला, रस ढिम्म. एगॉनने पिंपांना गोधड्या गुंडाळल्या, हीटर लावले, खिडक्या उघडल्या, मिटल्या. चिलटं यायला लागलीत. थेक्ला, तिची मुलगी, ऱ्हाइनपलीकडच्या वाइनच्या शाळेत शिकून आलेली, तिने पाकिटातलं विरजण, म्हणजे कोरडं यीस्ट, आणून लोण्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवलं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, पाकिटातली वाइन पाकिटातल्यांना पाजा. आता ते दिवसभर तळघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात, किल्ली कमरेला.

"आणि कारण काय सांगतात?" रोझविताने विचारलं.

वहिनीने मान खाली घातली. चिखल काढताना बायका खाली उतरल्या, तळघर बाटलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रोझविताला हसू आलं, आणि हसता हसता रागही आला. तिने तेव्हाच सांगितलं होतं, भिंतीवरची काळी बुरशी खरवडू नका. शंभर वर्षांची ती बुरशी, तिच्यातच त्या घराचं विरजण राहत होतं. पण चिखल आणि तेल पाहून घाबरलेल्या माणसांनी गरम पाण्याचे फवारे मारले, चुना फासला, पुन्हा फवारे मारले. दह्याचं भांडं इतकं घासलं की त्यात दही लागायचंच विसरलं. हे तिने वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, थेक्लाही हेच म्हणते, पण तिचं ऐकतो कोण.

"तुझ्या उकळत्या रसाचे दोन कॅन दे," वहिनी शेवटी म्हणाली. "मी मागच्या दाराने नेईन. कोणाला कळणार नाही."

"देते की. पण मी स्वतः आणीन. पुढच्या दाराने आणीन आणि माझ्या हाताने ओतीन."

वहिनीचा चेहरा पडला. ते नाही ऐकायचे, असं ती दोनदा म्हणाली, आणि मी आले होते हे एगॉनला सांगू नको, असं बजावून निघून गेली. गेरेऑन दारातून आत डोकावला, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "केक तर ठेवून गेली ना?"

संध्याकाळी एगॉन आला. तोही मागच्या वाटेने, टोपी डोळ्यांवर ओढून, आणि पहिलं वाक्य हेच, की मेश्टिल्डला कळू देऊ नकोस. रोझविता स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून आली. एगॉन वाईट माणूस नव्हता. लहानपणी बाबा त्याला तळघरात पाठवायचे तेव्हा तो आधी जाळीपाशी येऊन तिला विचारून जायचा, कुठलं पिंप दाबू. तळघर त्याला मिळालं आणि विचारायची सोय गेली. आताही त्याचा बेत साधा होता. बाबा जेवायला उठले की किल्ली हळूच घ्यायची, रस ओतायचा, आणि सकाळी बाबांना वाटावं की आपला आपण उठला.

"सगळं गाव येणार आहे, रोझी," तो म्हणाला. "लोकांनी वाहून गेलेल्या घरांच्या जागी बाकं टाकून जेवायचं मान्य केलंय, कशासाठी? आपल्या तळघराचा आवाज ऐकायला. शेजारची म्हातारी हानी मला रोज विचारते, उठला का रे? तिचं घर नाही, नवरा नाही, आणि ती आमच्या रसाची चौकशी करते. तिला मी काय सांगू?"

हे ऐकून रोझविता विरघळायच्या बेताला आली. हानीला कोण नाही म्हणेल?

"आणि माझं नाव कधी सांगशील?" तिने विचारलं.

"सांगेन ना. नंतर."

"नंतर म्हणजे बाबा गेल्यावर?"

एगॉनने टोपी फिरवत फिरवत टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. उद्या सकाळी मी येतेय, उजेडात, असं रोझविताने त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग युद्धच होईल. होऊ दे, ती म्हणाली.

तो वळण उतरतोय तोवर थेक्लाचा फोन आला, आत्या, मी फोन केला हे घरी सांगू नको म्हणून. या घरात बाबा सोडून तीन माणसं, तिघांनाही रस उठायलाच हवा आणि तिघं एकमेकांपासून लपवतात. थेक्ला मात्र रस मागत नव्हती. ती म्हणत होती, जुनं विरजण, नवं विरजण, या सगळ्या भावनेच्या गोष्टी आहेत, पाकीट टाकलं की उद्या काम होईल, फक्त आजोबांच्या कमरेची किल्ली कशी मिळवू तेवढं सांग.

"पाकीट टाकायला माझी हरकत नाही," रोझविता म्हणाली. "पाकिटानेही चांगली वाइन होते. या वर्षी टाकशील. पुढच्या वर्षी काय करशील? किल्ली पुन्हा चोरशील? चार वर्षं शिकून आलीस, आणि स्वतःच्या घरचा रस तू अजून जाळीतून ऐकतेस. मी पण तिथेच पालथी पडून ऐकायचे."

मग थेक्ला म्हणाली, "तू ये. मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

शनिवारी सकाळी गेरेऑनने ट्रॅक्टर काढला. मागच्या गाड्यावर दोन लाकडी टब, अर्धे भरलेले, वर पिसांची रजई. रजईखालून रस फसफसत होता आणि सगळ्या रस्त्यावर त्याचा गोड आंबूस वास सुटला होता. रोझविता गाड्यावर टबांच्या मध्ये उभी होती, दोन्ही हात रजईवर. मागच्या गल्लीने जाता आलं असतं. ती म्हणाली, चौकातून घे. चौकात पाववाल्याची गाडी उभी होती. रांगेतल्या माना वळल्या, आणि हानी पाव न घेताच ट्रॅक्टरमागून चालायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी.

बाबा तळघराच्या दाराशी खुर्चीवर होते, डोक्यावर हॅट, हातात काठी. ट्रॅक्टर अंगणात शिरला तरी ते उठले नाहीत. एगॉन घरातून बाहेर आला आणि मध्येच थांबला, कुठल्या बाजूला उभं राहावं हे न ठरल्यासारखा. वहिनी स्वयंपाकघराच्या पायरीवर, हात ॲप्रनमध्ये. थेक्ला मात्र सरळ येऊन गाड्याला टेकून उभी राहिली. फाटकात हानी आणि मंडळी.

"काय आणलंस?" बाबांनी विचारलं. मुलीला त्यांनी कित्येक वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न.

"विरजण," रोझविता म्हणाली. "खाली नेते."

"या दिवसांत बाई खाली जात नाही."

"चिखल काढायला गेले होते मी, बाबा. आठवडाभर. वहिनी होती, थेक्ला होती. कुठल्या कुठल्या गावांच्या अनोळखी पोरी आल्या होत्या, गुडघाभर तेलाच्या चिखलात उभ्या राहून बादल्या वर देत होत्या. तुम्ही इथेच उभे राहून त्यांना पाणी पाजलंत. बायका चालल्या ना तेव्हा? गरज सरली आणि आता विटाळ झाला?"

"तेव्हा उंबरा चिखलाखाली होता," बाबा म्हणाले.

म्हातारा चलाख. फाटकात कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"आणि हा नवा उंबरा कोणी बसवला?" थेक्ला म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती म्हणाली. "सिमेंट मी कालवलं, आजोबा. दगड आईने धरला. माझे बाबा तेव्हा विटा आणायला गेले होते."

बाबांनी एगॉनकडे पाहिलं. एगॉनने जमिनीकडे पाहिलं आणि मान डोलावली, आणि मग, ज्याची कोणी आशा केली नव्हती असं, दोन पावलं चालत गाड्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. युद्ध होईल म्हणणारा हाच. रोझविताला त्या क्षणी भाऊ इतका आवडला की तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

बाबा काठीवर जोर देऊन उठले. आता ते एकटे होते आणि हे त्यांना दिसत होतं. माणूस एकटा पडला की एकतर नमतो, नाही तर ताठ होतो. ब्रोइखर ताठ होतात.

"ऐका सगळ्यांनी," ते म्हणाले. "माझ्या आजोबांपासून या तळघरात दुसऱ्या घरचं विरजण पडलेलं नाही. पडणार नाही. रस मेला तर मरू दे. ओतून देईन नदीत, तिने एवढं नेलं, हेही नेऊ दे."

"मी दुसऱ्या घरची का, बाबा?"

रोझविताने हे भांडायच्या सुरात म्हणायचं ठरवलं होतं. वाटभर तिने ते घोकलं होतं. तोंडातून आलं तेव्हा मात्र ते अगदी लहान आवाजात आलं, आणि त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात वहिनी पायरीवरून खाली उतरली. तीस वर्षांत या अंगणात मोठ्याने न बोललेली बाई. ती चालत सासऱ्यांसमोर आली, आणि ॲप्रनमधले हात बाहेर काढून तिने ते एकमेकांत घट्ट धरले.

"बाबा, पत्र्याच्या घरात तुम्ही रोज जेवताना जी वाइन घेत होता, ती कुठली?"

"आपली. वाचलेल्या पिंपातली. तूच सांगितलंस."

"आपलं एकही पिंप वाचलं नव्हतं."

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मी खोटं सांगितलं," वहिनी म्हणाली. "पत्र्याच्या घरात गेल्यावर तुम्ही जेवत नव्हता. दहा-दहा दिवस नुसत्या सुपावर. भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. डॉक्टर म्हणाले, जगायचंच नाही म्हणतोय माणूस, त्याला औषध काय देणार. मग मी रोझीकडून आणली. लेबल काढलं आणि तुमच्यापुढे ठेवली. पहिल्या घोटाला तुम्ही ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, आपलं तळघर जिवंत आहे. त्या दिवशी तुम्ही बटाटे मागून खाल्लेत. मग मी काय करायला हवं होतं? खरं सांगायला हवं होतं?"

रोझविताला हे माहीत नव्हतं. महिन्याच्या महिन्याला खोकं भरून देताना तिने एकदाही विचारलं नव्हतं. दोन वर्षं तिने बापाला जेवू घातलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता.

बाबा वहिनीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, पुन्हा आला, आणि मग काही तरी वेगळंच आलं, ज्याची त्या चेहऱ्याला सवय नव्हती.

"दोन वर्षं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि तू रोज विचारायचीस, आणखी घालू का."

"तुम्ही रोज हो म्हणायचात."

ट्रॅक्टरवर बसलेल्या गेरेऑनला हसू आवरेना. त्याने गडबडीने रुमाल काढून नाक शिंकरलं. बाबांनी त्याच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, पण त्यात पूर्वीचा दम नव्हता. ते हळूहळू चालत गाड्यापाशी आले. रजईचं टोक त्यांनी काठीने उचललं आणि टबावर वाकून कान दिला. कितीतरी वेळ ते तसेच वाकून राहिले. ऐकत होते की तोंड लपवत होते, कोण जाणे.

"गार होतंय ते," शेवटी ते म्हणाले, कोणाकडेही न बघता. "विरजण आणायचं आणि अंगणात गप्पा मारत बसायचं, ही कुठली पद्धत?"

एगॉन टब उचलायला धावला. रोझविताने त्याला हाताने थांबवलं. तिला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. तिला आज उतरू देतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खुर्ची दाराशी लागेल, हे ती ओळखून होती.

"आधी किल्ली, बाबा. मला नको. मला माझं तळघर आहे. थेक्लाला द्या, कायमची."

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. मग ते पुटपुटले की ही मुलगी लहानपणापासून असंच करते, बोट दिलं की हात मागते. आणि पुटपुटता पुटपुटता त्यांनी कमरेची कडी सोडायला घेतली. बोटं वळत नव्हती. थेक्ला मदतीला पुढे झाली, तर त्यांनी तिचा हात झटकला आणि स्वतःच सोडवून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, जोरात, थप्पड मारावी तशी.

मग चौघं खाली उतरली, तीन बायका आणि एगॉन. तळघर दवाखान्यासारखं पांढरं झालं होतं. पिंपांवर चिलटांचा ढग होता, पण व्हिनेगरचा वास अजून नव्हता. रोझविताने हुंगून पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला. आता थेक्लाचं शिक्षण कामाला आलं. गार रसात गरम विरजण एकदम ओतलं तर विरजणच गारठून मरतं, म्हणून तिने आधी पिंपातला थोडा थोडा रस टबात मिसळायला लावला, दर वेळी तापमान बघितलं, आत्याला घाई करू दिली नाही. रोझविता दोनदा तिच्यावर खेकसली आणि दोन्ही वेळा थेक्लाचं बरोबर निघालं. मग रोझविताने टब उचलले आणि स्वतःच्या हाताने ओतले, एक या पिंपात, एक त्या पिंपात. वहिनीने वर गोधड्या घातल्या. ती सारखी भिंतींकडे, कमानींकडे बघत होती. तीस वर्षं ज्या घरात नांदली त्याचा हा भाग तिने रस उठायच्या दिवसांत कधी पाहिलाच नव्हता.

त्या दिवशी काहीच झालं नाही. रस काही कोणाला सांगून उठत नाही. बाबा न जेवता झोपायला गेले, आणि सगळ्यांना वाटलं, आता उद्या काही वाईट झालं तर याचं खापर कोणावर फुटणार हे ठरलेलंच आहे.

रविवारी चर्चची घंटा झाली तेव्हा रोझविता आणि थेक्ला तळघरात होत्या. प्रार्थनेला गेल्याच नाहीत. सकाळी गोधडी काढली तेव्हा पहिल्या पिंपात साली नुसत्या फुगल्यासारख्या दिसत होत्या. थेक्ला म्हणाली उठतोय, रोझविता म्हणाली थांब. मग दुसऱ्या पिंपाच्या कडेला एक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. घंटा थांबेपर्यंत दोन्ही पिंपांवर सालींचा थर वर चढून त्याला भेगा पडल्या होत्या, भेगांतून गुलाबी फेस उसळत होता, आणि ती खोल, जाडजूड गुरगूर सुरू झाली होती जी रोझविताने आजवर या तळघरात फक्त जाळीतून ऐकली होती. आतून ती वेगळी असते. पायाखालून येते. थेक्ला रडत होती आणि हसत होती आणि दट्ट्याने साली दाबत होती, आणि रोझविता तिला सांगत होती, हळू, कडेकडेने, रसाला श्वास घेऊ दे.

वर अंगण भरलं. भांड्यात भाजलेल्या बटाट्यांचा वास खालपर्यंत येत होता. कोणीतरी जाळीपाशी आलं असावं, कारण एकाएकी वरचा गलका थांबला, मग हानीचा आवाज आला, "उठला गं बाई, उठला!" आणि मग टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर आपटलेले ग्लास, आणि पुरानंतर गावात न ऐकलेला असा एक आरडाओरडा, की रोझविताच्या अंगावर काटा आला.

आता सगळे तळघरात उतरायला येणार होते. पण उठलेल्या रसातून एक वायू निघतो, जड, डोळ्यांना न दिसणारा. तो तळाशी साचतो आणि माणसाला गुपचूप झोपवतो. म्हणून या खोऱ्यात रीत आहे. तळघर ज्याचं, तो आधी खाली असतो, मेणबत्ती जमिनीलगत धरून बघतो, ज्योत मंदावली की समजायचं वायू साचलाय. बाकीच्यांनी, मग तो पाद्री असो नाही तर मंत्री, दारातून त्याचं नाव घेऊन विचारायचं, आणि आतून हो आल्याशिवाय पायरीवर पाऊल टाकायचं नाही. साठ वर्षं लांबेर्ट ब्रोइखर खालून उत्तर देत आले होते. त्यांच्यावर विचारायची वेळ कधी आली नव्हती.

वर पावलं आली आणि थांबली. काठीचा आवाज आला. पाद्रीबाबा काहीतरी म्हणाले, बाबा म्हणाले, जरा थांबा. मग त्यांनी घसा साफ केला, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"रोझविता, येऊ का खाली?"

या एका वाक्यासाठी ती किती वर्षं पालथी पडली होती जाळीशी. तिला वाटलं, धावत वर जावं, त्यांचा हात धरून आणावं. पण थेक्लाने जमिनीलगत धरलेल्या मेणबत्तीची ज्योत बारीक झाली होती, आणि तळघर सांभाळणाऱ्याने आधी ज्योत बघायची असते.

"थांबा, बाबा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत कोणी उतरायचं नाही."

"बरं," वरून आवाज आला.

थेक्लाने पलीकडची खिडकी उघडली. वारा आत यायला लागला. आणि लांबेर्ट ब्रोइखर, मागे पाद्रीबाबा आणि त्यांच्यामागे सगळं लायनाऊ, हॅट हातात घेऊन दाराबाहेर उभे राहिले, लेक हो म्हणेपर्यंत.